दिव्याकडे पाहणारा पंच

पंच मखलूफ रिंगमध्ये उतरला की ओरान शहराचा मुष्टियुद्धाचा आखाडा श्वास रोखून बसायचा. काय थाट होता त्या माणसाचा! पांढरा सदरा, गळ्यात काळा बो, आणि नजर थेट लढणाऱ्याच्या डोळ्यांत. ते डोळे विझू लागले की लढत थांबलीच. एकतीस वर्षांत त्याच्यासमोर एकही पोरगा मेला नव्हता.

त्रेसष्टाव्या वर्षी त्याचाच डावा डोळा विझला. त्याने कुणाला सांगितलं नाही, कारण आखाड्यात यंत्र आलं होतं आणि त्याच्यावर त्याचं भागत होतं. लढणाऱ्याच्या कातडी टोपातली चकती डोक्यावरचा मार मोजायची. मार जास्त झाला की खांबावरचा हिरवा दिवा लाल व्हायचा. तरुण पंच तय्यब त्या यंत्राला जुमानत नसे.

"काका, अर्ध्या वेळा खोटं बोलतं ते. आणि तुम्ही बघता कसे, नव्या नवरीकडे बघावं तसे!"

"माझ्या वयाचा हो, मग बोल."

त्या शुक्रवारी एकोणीस वर्षांचा नधीर दुसऱ्या फेरीत दोरांवर सापडला. समोरचा बूजियान त्याला कुटत सुटला. बरगडी, कान, जबडा. नाक फुटलं. रक्ताचे शिंतोडे मखलूफच्या सदऱ्यावर उडाले. त्याने दिव्याकडे पाहिलं. हिरवा. पुढच्या ठोशाने नधीरच्या तोंडातला दात जपणारा रबर उडाला. हिरवाच.

"संपव त्याला!" लोक बेभान झाले होते. नधीरचा म्हातारा उस्तादही हार मानताना रिंगमध्ये फेकायचा टॉवेल मुठीत धरून दिव्याकडेच बघत होता.

"काका!" तय्यब टेबलावर चढून किंचाळला. "दिवा सोडा, पोराकडे बघा! टोप फिरलाय त्याचा!"

खरंच, घामाने सैल झालेला टोप फिरून चकती मानेशी गेली होती. मखलूफने उजवा डोळा नधीरच्या तोंडाजवळ नेला. त्या बुबुळांमागे कुणीच नव्हतं.

तो मध्ये घुसला. बूजियानचा सुटलेला ठोसा त्याच्या जबड्यावर बसला. दोन दात तुटले, तरी नधीरला कवेत घेऊनच तो कोसळला.

"नाव सांग, बाळा. नाव!"

नधीरची छाती तेवढी हलत होती. डॉक्टर धावले. बऱ्याच वेळाने पापणी उघडली.

"काका," पोरगा पुटपुटला, "तुमचं तोंड फुटलंय."

मखलूफ हसला आणि हुंदकाही आला त्याला. स्ट्रेचर गेलं. दोर धरून तो उठला, भरल्या आखाड्यासमोर बो सोडला आणि तय्यबच्या हातात ठेवला.

"डाव्या डोळ्याने मला दिसत नाही. वर्ष झालं. पुढची लढत तू घे."