संशयी सॅक्सोफोन

नाशिकसारख्या श्रद्धाळू गावात राहून कशावरही विश्वास न ठेवण्याचं व्रत इतक्या निष्ठेनं पाळणारा माणूस मी एकच पाहिला, आणि तो नेमका माझा घरमालक निघाला. शहाण्णव साली गंगापूर रोडवरच्या त्यांच्या घरी मी भाड्याची खोली बघायला गेलो. इतर घरमालक नोकरी विचारतात, आडनाव विचारतात, घरात मासे शिजतील का ते आडून विचारतात. काकांनी मला खुर्चीत बसवलं आणि म्हणाले, "गाऊन दाखवा." मी इकडेतिकडे बघितलं. "अहो, काहीही गा. आरती म्हणा." मी घाबरत घाबरत दोन ओळी म्हटल्या. आतून काकू पदराला हात पुसत लगबगीनं बाहेर आल्या, कुणाला काय झालं ते बघायला. काकांचा चेहरा मात्र उजळला होता. "खोली तुमची," ते म्हणाले. "इतका बेसुरा माणूस चाल चोरूच शकत नाही."

काका संगीतकार होते हे मला असं कळलं. तरुणपणी ते मुंबईच्या हॉटेलांत सॅक्सोफोन वाजवत. जॅझ, फंक आणि आपला देवीच्या गोंधळातला संबळ अशी तीन बिऱ्हाडं एका घरात नांदवून त्यांनी तीन रेकॉर्डी काढल्या होत्या. पुढे वडील आजारी पडले म्हणून ते नाशिकला परतले आणि एका कचेरीत चिकटले. "जॅझ डोक्यात जातो, फंक कंबरेत जातो आणि संबळ सरळ पोटात," असं ते मला समजावून सांगत. रेकॉर्डी फारशा खपल्या नव्हत्या. ज्या काही खपल्या त्या चोरांनीच नेल्या, असं त्यांचं ठाम मत होतं. रेडिओवर कुठलंही नवं गाणं लागलं की ते कान टवकारत आणि कडव्याच्या मध्येच विजयानं ओरडत, "बघ! माझं आहे हे. उलटं करून वाजवलंय."

रियाज करताना ऐन मे महिन्यात ते खिडक्या लावून घेत आणि घामानं निथळत बाहेर येत. शीळ घालतो म्हणून त्यांनी दूधवाला बदलला. नव्या दूधवाल्याला शीळ येत नव्हती, पण तो ओसरीवर जरा जास्तच रेंगाळतो असं त्यांना वाटे. कळस झाला तो शेजारच्या डॉक्टरांनी गाडी घेतली तेव्हा. गाडी मागे घेताना एक बारीकशी धून वाजायची. काका लुंगीवरच फाटकाबाहेर धावले. "पुन्हा मागे घ्या!" डॉक्टरांनी घेतली. "आता पुढे. आता परत मागे." दवाखान्यात पेशंट खोळंबलेले आणि डॉक्टर बिचारे पुढे-मागे करताहेत. "काका, ही धून गाडीबरोबरच आली हो," ते काकुळतीनं म्हणाले. "चोर असंच म्हणतात," असं म्हणून काका आत आले आणि दिवसभर डॉक्टरांच्या बाजूला पाठ करून बसले.

पण त्यांचा सगळ्यात जुना आणि खोल संशय होता तो दिंडोरीच्या एका माणसावर. तो काकांचा जिवलग मित्र आणि त्यांचा संबळवाला. नाशिकला परतल्यावर दोघांनी मिळून घरीच एक शेवटचं ध्वनिमुद्रण केलं. ते कधी बाजारात आलं नाही, पण काका त्यालाच आपलं खरं काम मानत. त्याच्या टेपची चकती एकदा घरातून नाहीशी झाली आणि काही दिवसांनी आपोआप जागेवर आली. "टेप उलट्या बाजूनं गुंडाळलेली होती," काका दात आवळून सांगत. "त्याच्याशिवाय घरात कोण येत होतं?" त्या दिवसापासून त्यांनी मित्राशी बोलणं सोडलं. मित्रानंही कधी खुलासा केला नाही. काकू म्हणत, त्या भांडणानंतर यांचं वाजवणंच निम्मं झालं.

मी त्या खोलीत टिकलो. 'अहो'चा 'अरे' झाला. दोन हजार चार साली मुंबईहून एक मध्यमवयीन बाई आल्या. त्यांची छोटीशी संगीत कंपनी होती. काकांच्या पहिल्यापासून शेवटपर्यंतच्या कामातून निवडक रचनांची एक सीडी काढायचं त्यांच्या मनात होतं.

"का?" काकांनी विचारलं.

"लोकांना ऐकायची आहे म्हणून."

"कोणत्या लोकांना? नावं सांगा."

बाई हसल्या आणि त्यांनी काकांच्या पहिल्या रेकॉर्डवरची एक चाल गुणगुणायला सुरुवात केली. काका ताडकन उठले. "बघ! तोंडपाठ करून आली आहे!"

"अहो, आवडली म्हणून पाठ झाली असेल तिला," काकू म्हणाल्या.

काका उभेच राहिले. ही शक्यता त्यांच्या मनाला कधी शिवलीच नसावी. मग ते खाली बसले आणि म्हणाले, "चहा घेणार का?"

रेकॉर्डी तर होत्याच, पण काकूंनी ओघात उल्लेख केल्यावर बाईंना ते शेवटचं कामही हवं झालं. "त्याच्याशिवाय ही निवड अर्धवट राहील," त्या म्हणाल्या. काका मला घेऊन कोठीघरात गेले आणि गव्हाच्या कोठीत खांद्यापर्यंत हात घालून त्यांनी तळातून पत्र्याचा डबा काढला. काकूंनी कपाळावर हात मारला. दरवर्षी त्या नव्या गव्हाला कीड लागू नये म्हणून एरंडेल चोळून कोठीत वरून भरत. ते तेल झाकणातून आत गेलं होतं. टेपचा चिकट लगदा झाला होता.

"मला सांगायचं तरी!" काकू कळवळून म्हणाल्या. "इतकी वर्षं संसार केला, माझ्यावरसुद्धा संशय?"

"संशय नाही गं," काका पुटपुटले. "काळजी." मग ते तो डबा मांडीवर घेऊन नुसते बसून राहिले. जेवायलाही उठले नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी तेच माझ्या दाराशी आले. "स्कूटर काढ. दिंडोरीला जायचंय."

द्राक्षांचे दिवस होते. संबळवाला मित्र आता बागायतदार झाला होता. ट्रॅक्टर लावून तो बागेत फवारणी करत होता. काकांना बघून त्यानं ट्रॅक्टर बंद केला, तोंडावरचं फडकं सोडलं. दोघं म्हातारे वेलींच्या ओळीत समोरासमोर उभे राहिले.

"तू टेप चोरली होतीस," काका म्हणाले. एवढ्या वर्षांनी पहिलं वाक्य हेच.

"हो, चोरली व्हती," तो शांतपणे म्हणाला. "नक्कल करून घेतली अन् परत ठेवली."

"का?"

"मास्तर, तुझ्यावर भरवसा नव्हता म्हणून. तू लय संशयी. लपवून लपवून एक दिवस नासवशील, हे मला तवाच ठावं व्हतं."

 काकांच्या डोळ्यांतून पाणी आलं. ते फवारणीच्या औषधामुळे आल्याचं त्यांनी मला परतताना तीनदा सांगितलं. मित्रानं घरात नेऊन कपाटातून दोन कॅसेटी काढल्या. बायकोच्या लग्नातल्या शालूच्या घडीत जपून ठेवलेल्या. "दर दिवाळीला ऐकतो," तो म्हणाला. "नाय तर बाकी काय राह्यलंय आपल्याकडं?" त्या दुपारी दोघं एका ताटात जेवले. निघताना काकांनी कॅसेटी पुन्हापुन्हा तपासल्या, तेव्हा मित्र इतका हसला की त्याला ठसका लागला.

सीडी पुढच्या वर्षी आली. तोवर काकांना दम्यानं गाठलं होतं आणि सॅक्सोफोन पेटीतच असे. मुखपृष्ठावर त्यांचं नाव ठळक होतं, संबळवाल्याचं त्याच्याच शेजारी, तेवढ्याच अक्षरांत. तसं काकांनी बाईंना बजावून सांगितलं होतं. मी सीडी लावली. ते शेवटचं काम सुरू झालं. संबळावर सॅक्सोफोन असा काही चढत गेला की माझ्यासारख्या बेसुऱ्याच्याही अंगावर काटा आला. काका मान पुढे काढून, डोळे बारीक करून ऐकत होते.

"हा कोण वाजवतोय रे?" त्यांनी विचारलं.

"तुम्हीच, काका."

"छे. मी इतकं चांगलं कधी वाजवत होतो? त्या बाईंनी दुसऱ्याच कुणाकडून वाजवून घेऊन माझ्या नावावर खपवलंय."

"तुम्हीच आहात हो," काकू म्हणाल्या. "मी दाराशी बसले होते ना तेव्हा."

काका त्यांच्याकडे बघत राहिले. "नक्की?"

"नक्की."

"मग पुन्हा लाव," ते मला हळूच म्हणाले. मी लावलं. ते डोळे मिटून बसले आणि त्यांची बोटं गुडघ्यावर चालू लागली, सुरांच्या जराशी मागे, तरुण माणसाबरोबर चालताना म्हातारा मागे पडतो तशी.