आम्ही शनिवारी देऊ

मला दोनदा परत करण्यात आलं आहे. पहिल्यांदा केस फार गळतात म्हणून, दुसऱ्यांदा फार गप्प असतो म्हणून. दोन्ही तक्रारी खऱ्या होत्या. प्राण्यांच्या निवाऱ्यातले लोक भले. परत आलेल्या कुत्र्याला ते परत आलेला म्हणत नाहीत, 'पुन्हा उपलब्ध' म्हणतात. पिंजऱ्यावरच्या पाटीत बाकी मजकूर असा होता: वय सात-आठ, डावा कान अर्धा, स्वभाव शांत. एवढ्या भांडवलावर लग्नं जमत नाहीत.

या स्थळाला होकार दिला तो एका म्हाताऱ्या शिंप्याने. त्याने माझा कान दोन बोटांत धरून पाहिला आणि म्हणाला, "काठ दुमडून शिवला असता तर उसवला नसता." नावही तिथेच ठेवलं: कात्रण.

फॉर्म भरणाऱ्या बाईंनी विचारलं, "काका, दिवसभर घरी कोण असतं?"

"आम्ही असतो की. शिंपीकाम आमचं, जाणार कुठे?"

बाईंनी 'घरातील माणसं' या रकान्यात दोन लिहिलं. एकट्या वृद्धाला कुत्रा द्यायचा नाही असा निवाऱ्याचा नियम आहे. उद्या त्यांचं काही बरंवाईट झालं तर कुत्र्याने काय करायचं? कुत्र्याचं झालं तर माणसाने काय करायचं, हा प्रश्न नियमात नाही.

घरी रस्त्याकडच्या खोलीत दोन शिलाई मशिनं होती. एक चालू, दुसरं खोळीखाली. फॉर्मवरचं दुसरं माणूस मी तीन दिवस शोधलं. वासावरून माणूस काढणं एवढंच माझं शिक्षण. खोळीला वास होता, बटणांच्या डब्याला होता, दारामागच्या चपलांना होता. पण सगळे जुने, धूळ बसलेले. चौथ्या दिवशी मी शोध थांबवला. शिंप्याने थांबवला नव्हता.

नवरा-बायकोत कामाची वाटणी होती. कापणं, शिवणं, कॉलर बसवणं त्याचं. काजं आणि बटणं तिची. ती जाऊन दोन वर्षं झाली, वाटणी तशीच राहिली. तो शर्ट शिवायचा आणि बटणांविना दांडीवर टांगायचा, तिच्या मशीनच्या बाजूला. काही गिऱ्हाइकं कंटाळून उघडेच शर्ट घेऊन गेली. तरी एकोणीस उरले होते.

समोर राहणारे निवृत्त मास्तर रोज खिडकीतून डोकवायचे.

"झाला का माझा शर्ट?"

"आम्ही शनिवारी देऊ."

"कोणत्या वर्षीच्या?"

"काजं राहिलीत, मास्तर."

यावर मास्तर परत फिरत. काजं का राहिलीत ते त्यांना ठाऊक होतं.

महिन्याने बाई पाहणीला आल्या. माझं पाण्याचं भांडं पाहिलं, उरलेल्या अस्तराची गादी पाहिली, समाधान झालं. मग दांडीकडे बघून सहज म्हणाल्या, "बटणं नाहीत कशालाच?"

"ते काम तिच्याकडे."

"काकू कुठे आहेत?"

शिंप्याने आतल्या दाराकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "नाहीत."

"मग त्या दिवशी 'आम्ही' म्हणालात ते?"

"ते... मीच."

सत्तरीच्या माणसाने 'मी' असं म्हटलं, जणू दुसऱ्याच्या मापाचा कोट अंगात चढवून पाहतोय.

अशा प्रसंगी कुत्र्याने जाऊन हात चाटावा अशी अपेक्षा असते. मी खोळीखालच्या मशीनच्या पायडलवर पडून राहिलो आणि पाटीवर या वेळी काय कारण लिहितील याचा विचार केला.

"काका, नियमाने याला मी आजच न्यायला हवं," बाई म्हणाल्या. "पण तुमच्या माघारी सांभाळीन, असं कुणी लिहून दिलं तर राहील. शनिवारपर्यंत एक सही आणा. नातेवाईक, शेजारी, कुणीही चालेल."

नातेवाईक आठवायला त्याला वेळ लागला नाही, नव्हतेच. उरले ते शर्टवाले, आणि शर्टाशिवाय त्यांच्या दारात जायला तोंड नव्हतं.

त्याने मास्तरांचा शर्ट काढला, तिच्या डब्यातली सुई घेतली आणि खिडकीशी बसला. पन्नास वर्षं कपडे शिवणाऱ्या या शिंप्याला काज घालता येत नाही, हे मला तेव्हा कळलं. बहुधा त्यालाही. दोनदा बोट टोचलं. सातवं काज होऊन बटणं लागेतो ऊन भिंतीवरून उतरलं होतं.

मास्तरांनी दार उघडलं. "आज बुधवार आहे."

शिंप्याने शर्ट पुढे केला. मास्तरांनी चष्मा कपाळावर चढवून काजं पाहिली. "वहिनींच्या हातची नाहीत ही."

"नाहीत."

मास्तर वरचं बटण थोडा वेळ लावत-काढत राहिले. "बोला. काय काम काढलंत?"

"आम्हाला एक सही हवी होती."

सवयीने गेलेला शब्द. मी उंबऱ्याच्या अलीकडे मोजून पाहिलं: तो आणि मी. या खेपेला आकडा बरोबर होता.

मास्तरांनी कागद दोनदा वाचला. "चावतो का?"

"नाही. फार गप्प असतो."

मागच्या घरी हेच वाक्य माझ्यावर उलटलं होतं. मास्तरांनी कागद दाराला टेकवला आणि सही केली.

घरी येऊन त्याने सुई डब्यात ठेवली, डबा तिच्या मशीनवर. "काजं वाकडी आली," तो म्हणाला. पाहत माझ्याकडे होता, पण सांगत मला नव्हता.