गोरज नाकारणारी आत्या

"आई गेली," एवढंच माझा आतेभाऊ दत्ता फोनवर बोलला. ऐन दुपारी, सोलापुरात दुकानात गिऱ्हाईक समोर असताना. माझ्या तोंडून पहिला प्रश्न निघाला तो, "आणि मैना?" महिना उलटला तरी वाटतं, सोनाआत्याला तो प्रश्न आवडलाच असता.

सोनाआत्या माझ्या वडिलांची धाकटी बहीण, आणि मैना तिची पांढरी घोडी. उजनीच्या पाण्याकाठी त्यांचं गाव. लग्नात नवरदेव परण्याला, म्हणजे मारुतीच्या दर्शनाला निघाला की पंचक्रोशीत मैनाच लागायची. मामा, म्हणजे आत्याचे यजमान, गेल्यावर घोडी आत्याने हातात घेतली आणि नेमकी त्याच उन्हाळ्यात मैनेला खाज सुटली. खांबाला, भिंतीला घासून घासून आयाळ विरळ झाली, शेपटीचं मूळ सोलवटलं. डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं आणि सरळ सांगितलं : पाण्याकाठच्या चिलटांची ॲलर्जी आहे, मुळापासून जाणार नाही, चिलटं चावू देऊ नका. सल्ला घरातल्या सगळ्यांनी ऐकला, पाळला फक्त आत्याने. अकलूजच्या बाजारात नेऊन विकून टाक म्हणणाऱ्यांना ती विचारायची, "खाज सुटली म्हून कुनी लेकरू इकतं व्हय?"

कडुनिंबाचा पाला उकळून गार केलेल्या पाण्याने अंग पुसायचं, वाळलं की खोबरेलात मिसळलेलं करंजाचं तेल चोळायचं. पहाटे आणि दिवेलागणीला चिलटं उठतात, तेवढा वेळ मैना गोठ्यात. दाराला बारीक जाळी, अंगावर मानेपासून शेपटीपर्यंत पातळ सुती झूल. वाऱ्यात चिलटांना उडता येत नाही हे कळल्यावर घरातला पंखाही गोठ्यात गेला. वैशाखातला आमच्याकडचा उकाडा... माणसं अंगणात घामाघूम आणि घोडी वाऱ्याला! दत्ताची बायको सुनीता मला म्हणायची, "भावजी, पुढल्या जन्मी म्या ह्यांच्या दारची घोडीच हुनार."

माझं लग्न नेमकं गोरज मुहूर्तावर ठरलं. मी तोऱ्यात घोडी सांगायला गेलो.

"दिवेलागणीला माजी घोडी भाईर पडायची न्हाय. सकाळी धाला ये."

"आत्या, लगीन संध्याकाळी हाय की!"

"मग? मारुती सकाळी देवळात नसतो व्हय?"

माझा परण्या सकाळीच निघाला. उरलेला दिवस मी मुंडावळ्या बांधून मांडवात बसून काढला. येणारा जाणारा विचारायचा, "नवरदेव, लई घाई झाली का?" तेव्हा राग आला होता. पण सख्ख्या भाच्यालाही सूट न देणारी बाई इतरांच्या गोरजाच्या सुपाऱ्या कशाला घेईल? त्या तिने एकूण एक परत पाठवल्या. खाज कायमची गेली नाही. उन्हाळा लागला की थोडी उठायचीच. आयाळ मात्र पुन्हा भरून आली, आणि त्या आयाळीत वेणी घालताना आत्या जशी दिसायची तशी समाधानी बाई मी दुसरी पाहिली नाही.

बाराव्याला आत्याची लुगडी नातलगांत वाटायची म्हणून ट्रंक उघडली. आत दोनच निघाली. वडील गेल्यापासून दर भाऊबीजेला मी तिला लुगडं न्यायचो, ती सगळी गेली कुठे? बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. ओसरीवर दत्ता कुणाशी तरी घोडी विकायचं बोलत होता. सुनीताने मला खुणेने गोठ्यात नेलं. पंखा चालू होता. मैनेच्या अंगावरच्या झुलीला निळा काठ होता... गेल्या दिवाळीचं माझंच लुगडं.

"आधी सोता नेसायच्या," सुनीता म्हणाली, "धुवून धुवून मऊ करायच्या, मगच फाडायच्या. कोरं कापड तिला टोचतं म्हनायच्या."

माझे डोळे भरून आले. मी मैनेच्या पाठीवर हात ठेवला. सुनीताने झुलीचा सुटलेला बंद बांधला, ओसरीकडे एकदा रागाने पाहिलं आणि म्हणाली, "भावजी, औंदाच्या भाऊबीजेला बी लुगडं आना. मी नेसून मऊ करीन."