काट्यावर आम्ही दोघी

माझं अंग भरलेलं आहे, लहानपणापासूनच. जाडी म्हणा, मला राग येत नाही. राग येतो तो 'हेल्दी' म्हणणाऱ्यांचा. धानाच्या पोत्याला आमच्याकडे कट्टा म्हणतात, आणि घरात मला सगळे कट्टाच म्हणायचे. धाकटी बहीण नेमकी उलट. उंच, काटकुळी, फुंकर मारली तर पडेल अशी. ती आईच्या वळणाची आणि मी बाबांच्या आईवर गेलेली, हे आमच्या घरात ठरूनच गेलेलं होतं.

नव्याण्णव साली आईच्या छातीत गाठ निघाली. त्याआधी देवरीची मावशी याच आजारानं गेली होती, आणि आई नि ती, दोघी बहिणी अंगानं सारख्याच वाळक्या. नागपूरला ऑपरेशन झालं, पण आई त्यानंतर फार दिवस राहिली नाही. ती गेल्यावर घरात बाया जमल्या होत्या, तेव्हा आत्यानं सगळ्यांसमोर निकाल देऊन टाकला, "हा रोग वाळल्या बायांचा आहे. मोठीले काई होत नाई. लहानीले जपा." आत्याबाईंना कोणी विचारलं होतं का? पण बाबांना ते पटलं.

बाबा गोरेगावला राइस मिलमध्ये वजनकाट्यावर होते. धान आला की मूठभर हातात घेऊन फुंकायचे. उडाला तो पोचट, उरला तो भरलेला. जन्मभर त्यांनी हलकं ते वाईट आणि जड ते चांगलं एवढंच पाहिलं होतं. माणसाचंही तसंच असणार, असं ते धरून बसले. हंगामात मिलमधली गर्दी ओसरली की आम्हा दोघींना बोलावून भुईकाट्यावर उभं करायचे. माझं वजन पाहून हसायचे, तिचं पाहून गप्प व्हायचे. मग घरी तिच्यासाठी डिंकाचे लाडू, शिंगाड्याच्या पिठाचा शिरा, दुधात तुपाची धार. ती रडतरडत खायची आणि तरी तिच्या अंगाला काही लागायचं नाही. माझ्या अंगाला मात्र वासानंच लागायचं.

एका वर्षी तिनं ओढणीत वजनाचं लोखंडी माप बांधलं आणि तशीच काट्यावर चढली. बाबांना बरं वाटावं म्हणून. माप सुटून धप्पकन खाली पडलं. हमाल पोट धरून हसले. बाबांनी माप उचलून जागेवर ठेवलं आणि त्या दिवशी ते जेवले नाहीत.

पुढे माझं लग्न झालं, गावातच. तिला आमगावचं एक स्थळ आलं. मुलगा एसटीत कंडक्टर, सरळ, आणि तिला आवडलेला. तसं तिनं मला स्वतः सांगितलं होतं, माझ्या अंगणात भांडी घासताना. तरी नाही म्हणाली.

"आपल्याले माय नाई राहिली. माह्या पोरायचं बी तसंच करू का?"

मी चिडले. "बह्याड झाली का वं? कोन म्हनते तू मरून राहिली म्हनून?"

"सगळेच म्हंतेत," ती म्हणाली आणि भांडी विसळायला लागली.

नंतरही स्थळं आली, तिचं उत्तर तेच. हळूहळू लोकांनी विचारणं सोडलं. ती अंगणवाडीत लागली, आणि खरं सांगायचं तर माझी पोरगी तिनंच वाढवली.

मग बऱ्याच वर्षांनी, देवरीच्या मावशीच्या मुलीला गाठ निघाली. नागपूरच्या डॉक्टरीणबाईंनी तिचं रक्त तपासून सांगितलं की घराण्यात एक दोष उतरत आलाय, मावशीच्या माहेरच्या नात्यातल्यांनी तपासून घ्यावं. ही मावसबहीण, बरं का, माझ्यापेक्षाही जाड. तरी आमच्या डोक्यात उजेड पडला नाही. आम्ही बहिणीलाच घेऊन गेलो. मी आपली डबा घेऊन सोबतीला.

डॉक्टरीणबाईंनी माझ्याकडे पाहिलं. "आणि तुम्ही?"

"मी कायले? मी तं बाबाच्या वळनाची."

त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, "तोंडावळा, अंगकाठी बघून हा दोष कळत नाही. तुमच्या आईत तो असेल, तर तुम्हा प्रत्येकीत उतरायची शक्यता निम्मी. जाड असा की बारीक."

"म्हंजे वजनाचा काईच संबंध नाई?" मी भांडायच्याच सुरात विचारलं.

"आहे, थोडा. दोष असलेल्या बायांमध्ये, पाळी चालू असेपर्यंत, अंगानं भरलेल्यांना धोका जरा कमी दिसतो, उंच असलेल्यांना जरा जास्त. पाळी गेल्यावर मात्र वजन उलटं बाधू शकतं. पण हे सगळं नंतरचं. आधी दोष आहे की नाही ते बघू."

दोघींचं रक्त घेतलं. काही आठवड्यांनी पुन्हा गेलो. बहिणीत दोष नव्हता. माझ्यात होता.

डॉक्टरीणबाईंनी मला समजावून सांगितलं, कोणत्या तपासण्या, किती दिवसांनी, ऑपरेशनचा विचार कधी करायचा, पोरगी मोठी झाल्यावर तिचं काय. घाबरले मी, का नाही घाबरणार? पण गाठ अजून नव्हती, आणि करायचं काय ते समोर होतं. मी मान डोलावत होते. बहीण शेजारी बसून आपला रिपोर्ट पुन्हा पुन्हा वाचत होती.

बाहेर बाकावर बसल्यावर ती हुंदके देऊन रडायला लागली. येणारेजाणारे बघत होते. मी तिच्या पाठीवरून हात फिरवला.

"रडू नको वं. मी काई आजच मरून नाई राहिली."

तिनं माझा हात बाजूला सारला.

"तुह्यासाठी नाई रडून राहिली, ताई," ती म्हणाली. "मंग मी लगन कायले नाई केलं?"