भिकुबाईचा सुकदेव

धुळ्यातल्या त्या फोटो स्टुडिओत गिऱ्हाइकांना ठाऊक असायचे ते मालक, बन्सीलालशेठ. आतल्या बिनखिडकीच्या खोलीत लाल दिव्याखाली झुलाल फोटो धुतो, हे फार कुणाला माहीत नव्हतं. लग्न झालं नाही, आणि आई गेल्यापासून घरीही तो एकटाच. दिवसभरात त्याच्याशी बोलायचे ते शेठ, तेही बंद दाराबाहेरून, “झुलाल, झाले का?” एवढंच.

शहाऐंशीच्या उन्हाळ्यात, आखाजी, म्हणजे गेलेल्या माणसांच्या नावाने घागर भरायची अक्षय्य तृतीया, जवळ आली असताना, सोनगीरची भिकुबाई स्टुडिओत आली. पदराची गाठ सोडून तिने एक निगेटिव्ह काढली. तिचा तरणा मुलगा सुकदेव हिवाळ्यात तापाने गेला होता. गावच्या किल्ल्यावर त्याच्या मित्राने हौसेने काढलेला हा एकच फोटो. पण ऊन सुकदेवच्या पाठीमागे होतं. त्यामुळे निगेटिव्हमध्ये आभाळ काळंकुट्ट आणि चेहऱ्याच्या जागी जवळजवळ कोरी फिल्म. दुसऱ्या एका स्टुडिओने छापून दिलेला फोटोही तिने दाखवला. पांढऱ्या आभाळापुढे नुसती माणसाची काळी आकृती.

“आखाजीले त्येनी घागर भरनी शे, भाऊ,” ती शेठना म्हणाली. “तोंडच दिसत नही. कोना फोटो म्हनू?”

शेठ नकारार्थी मान हलवणार, तोच झुलाल बाहेर आला. त्याने निगेटिव्ह उजेडासमोर धरली, तिरकी करून पाहिली.

“डोळे आहेत यात,” तो म्हणाला. “पुसट आहेत, पण आहेत. मावशी, राहू द्या माझ्याकडे.”

दुसऱ्या दिवशी खोली भट्टीसारखी तापली होती. औषधाचं पाणी गरम झालं की फोटो बिघडतो, म्हणून गोळेवाल्याकडून आणलेला बर्फ त्याने ट्रेभोवती रचला. पुसटसा फरकही उठून दिसावा म्हणून फोटोचा सर्वांत कडक कागद घेतला. तारेच्या टोकाला पुठ्ठ्याची चकती चिकटवून ती चेहऱ्यावर येणाऱ्या उजेडात हलवत राहिला, म्हणजे चेहरा काळा पडू नये. मग पुठ्ठ्याला भोक पाडून आभाळाला जास्तीचा उजेड दिला. पहिल्या कागदावर चेहरा काळाच आला. पुढच्यावर भोवती पांढरं वलय उमटलं. तो कागद टाकत राहिला, पुन्हा घेत राहिला. दुपारी उशिरा एकदाचं पाण्यातून नाक वर आलं, मग डोळे, मग हसू आवरणारे ओठ.

“आलास?” झुलाल त्या चेहऱ्याला म्हणाला. स्वतःचा आवाज ऐकून तो दचकला.

भिकुबाईने फोटो हातात घेतला आणि दाराशी उजेडात नेला. “हाऊच शे,” ती म्हणाली. “हाऊच शे मना सुकदेव.” जाताना मागे वळून म्हणाली, “आखाजीले जेवाले ये भाऊ. नही म्हनू नको.”

झुलाल गेला. आपण धुतलेला फोटो कुणाच्या घरी भिंतीवर लागलेला त्याने कधी पाहिला नव्हता. हार घातलेल्या फोटोखाली भरलेली घागर होती. “याच भाऊनी मना पोऱ्या दखाडा,” भिकुबाईने सगळ्यांना सांगितलं. त्याला मांडे आणि आमरस वाढला, आग्रह केला. मग घरातली माणसं आपापसात सुकदेवबद्दल बोलू लागली. त्याचा आवाज घोगरा होता. बैलांशी बोलत बोलत शेतात जायचा. हसला की थांबायचाच नाही. सगळे रडता रडता हसले.

झुलाल ऐकत होता. त्या भुवया, तो हनुवटीवरचा व्रण, सारं त्याला पाठ झालं होतं. पण आवाज त्याला ऐकू येत नव्हता. बोलण्यात भर घालावी असं त्याच्याकडे काहीच नव्हतं. पाहुणा म्हणून त्याला सर्वांत आधी वाढलं होतं, तसं त्याचं जेवणही सर्वांत आधी उरकलं.

“पुढला सालले बी ये,” भिकुबाई एसटीपर्यंत येऊन म्हणाली. तो “हो” म्हणाला. पुढच्या आखाजीला त्याने धुतलेला सदरा घातला, स्टँडपर्यंत गेला आणि सोनगीरची गाडी समोर लागलेली असताना परत फिरला.

काही वर्षांनी सगळे रंगीत फोटो मागू लागले, आणि ते बाहेरच्या लॅबमधून धुऊन येऊ लागले. शेठनी आतल्या खोलीची भिंत पाडून तिथे झेरॉक्सचं मशीन बसवलं. झुलाल आता उजेडात, लोकांसमोर बसतो. सातबारे, मार्कशिटा घेऊन माणसं येतात, कागद पुढे सरकवतात, आणि प्रती निघेपर्यंत रस्त्याकडे बघत उभी राहतात.