कुलूप लावलंय, असं मी सांगितलं होतं

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही – बायकोलाही नाही. आणि आता सांगतोय ते मन हलकं व्हावं म्हणून नव्हे. मान खाली घालूनही सांगणार नाही. चंद्रपूरच्या कॉलेजांत मला बोलावतात, वेबसाइटसाठी योग्य तंत्रज्ञान कसं निवडावं यावर बोलायला. मी सांगतो – गरज पाहा, बजेट पाहा, पुढे सांभाळणार कोण ते पाहा. पोरं लिहून घेतात. मी स्वतः कसं निवडलं, हे कुणी विचारत नाही.

दोन हजार चारच्या सुमाराची गोष्ट. आमच्या समाजाच्या वधू-वर मेळाव्याची परिचय पुस्तिका माझ्या डीटीपीच्या दुकानात व्हायची. फोटो, उंची, शिक्षण, नोकरी, पत्ता. मग समितीला वेबसाइट हवीशी झाली. दुकानात शबाना कामाला होती – बाइंडिंगवाल्या चाचांची मुलगी, नागपूरला जाऊन पीएचपी ही वेबसाइटची प्रोग्रॅमिंग भाषा शिकून आलेली. ती म्हणाली, माहिती डेटाबेसमध्ये ठेवू, प्रत्येकाला वेगळा पासवर्ड देऊ, समितीनं होकार दिला तरच पत्ता दिसेल. बरोबर होतं तिचं. पण मला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. दुकान माझं – आणि समितीसमोर बोलणार ती?

मी समितीला सांगितलं, आपल्या सर्व्हरवर पीएचपी चालत नाही. चालत होतं. मग मी साधी पानं बनवली, एकेकाचं एकेक, आणि पहिल्या पानावर पासवर्ड विचारणारा, कुठल्याशा सीडीतून उचललेला कोड चिकटवला. सगळ्या सभासदांना एकच पासवर्ड. आतल्या पानाचा पत्ता टाइप करून किंवा सर्चमधून कुणी तिथे थेट आलं, तर तो कोड काहीच विचारायचा नाही. शबानानं हे मला करून दाखवलं. मी म्हटलं, एवढं कोण बघतंय? आणि समितीला छातीठोकपणे सांगितलं – कुलूप लावलंय.

तुम्ही म्हणाल, तेव्हा सगळेच शिकत होते. कृपा करून माझी बाजू घेऊ नका. मला ठाऊक होतं.

माया नर्स होती, अहेरीला. मारकुट्या नवऱ्यापासून घटस्फोट घेऊन, मुलीला घेऊन तिथे राहत होती. तो कुठे गाठेल या भीतीनं तिनं दुसऱ्या लग्नासाठी भरलेल्या मेळाव्याच्या फॉर्मवर, खाली रेघ मारून लिहिलं होतं – गाव कुणाला दिसू नये. मी गाव टाकलं. कुलूप होतं ना!

दोन महिन्यांनी ती दुकानात आली. हात प्लॅस्टरमध्ये. नवरा दवाखान्याच्या फाटकात आला होता, लोक धावले म्हणून हातावर निभावलं. तिच्या पानाचा प्रिंट त्यानं तिच्याच तोंडावर फेकला होता. तो कागद तिनं माझ्या टेबलावर ठेवला.

"भाऊ, मी लिहून देल्लं होतं ना, गावाचं नाव दाखवू नोका म्हणून? त्याले कसं दिसलं?"

काय बोललो असेन मी? चुकलो म्हणालो? छे.

"पासवर्ड फुटला, ताई. तुमीच कोणाले सांगितला असन."

तिनं टेबलावरचा कागद परत हातात घेतला. मग हळूच म्हणाली, "बहिणीले सांगितला होता."

माझ्या मागे शबाना उभी होती. तिनं हे ऐकलं, आणि दुसऱ्या दिवसापासून ती कामावर आली नाही. मी मायाचं पान काढलं. बाकीची तशीच ठेवली – सगळी काढली असती तर कारण सांगावं लागलं असतं.

बहिणीनं पासवर्ड कुणालाही दिला नव्हता. नवऱ्याला त्याची गरजच नव्हती, पान थेट उघडत होतं. पण मायानं तिच्याशी बोलणं तोडलं आणि बदली करून घेतली. कुठे, ते बहिणीला कळू दिलं नाही. त्या दोघी बहिणींना माहेरचं एकमेकींशिवाय कुणी नव्हतं, हे मला नंतर कळलं. आधी कळलं असतं तरी मी तेच बोललो असतो.

एकदा ती बहीण दुकानात आली. मायाचा नवा पत्ता समितीकडे असेल का, विचारायला. मी नाही म्हटलं. दोष तिचा नव्हता, माझा होता, हे सांगायला ती समोरच उभी होती. मी तिला बसायलाही सांगितलं नाही.