हात चालू होते, चित्र अडकलं होतं

मित्रांनो, दुपारपासून डोकं तापलं आहे, म्हणून लिहून राह्यलो.

माझी धाकटी बहीण वैशाली जन्मापासून ऐकू शकत नाही. ती खुणांच्या भाषेत बोलते. आज मूल गावातल्या आमच्या घरून तिची व्हिडिओवर मुलाखत होती, कर्णबधिर मुलांच्या शाळेत शिक्षिकेच्या जागेसाठी.

"पहिल्या दिवशी मुलांना काय शिकवाल?" समोरच्या मॅडमनी खुणांनी विचारलं. वैशाली रंगात येऊन सांगू लागली आणि नेमकं तेव्हाच लॅपटॉपनं आपलं अपडेट सुरू केलं. तिचे हात पडद्यावर अडकत अडकत दिसू लागले. अर्धी खूण गायब झाली की अर्थच जातो हो!

"काऊन, नेट गेलं का?" आईनं विचारलं.

"नेट चांगलं हाय वो माय, लॅपटॉपच अपडेट करून राह्यला!"

मी ते थांबवेपर्यंत मॅडमनी चॅटमध्ये लिहिलं, "तुमच्या खुणा स्पष्ट नाहीत. धन्यवाद." आणि कॉल बंद.

वैशालीनं लगेच मेसेज टाकला, "माझ्या खुणा स्पष्ट होत्या, चित्र अडकत होतं. मला पुन्हा बोलू द्या." अजून उत्तर नाही. ती फोन हातात धरून बसली आहे.

मी स्वतः सॉफ्टवेअरचं काम करतो, म्हणून जास्त चीड येते. अपडेट उद्या झालं असतं तरी चाललं असतं. तिच्या हातांचं चित्र मात्र त्याच क्षणी पोचायला हवं होतं. कोणतं काम थांबू शकतं आणि कोणतं नाही, एवढंही सिस्टीमला कळू नये? ती बनवताना हातांनी बोलणारी माणसं कोणाच्या डोळ्यांपुढे असतात का?